पेडल की मोटर? मासेमारीची कयाक निवडताना

कयाक म्हणजे लहान, अरुंद होडी. ती पायांनी चालणारी पेडलची घ्यावी की मोटरची, हे ठरवताना बहुतेक जण आधी वेग विचारतात. या दोघींमध्ये सगळ्यात कमी महत्त्वाचा फरक तोच आहे. गळ टाकणाऱ्याचा बराचसा वेळ चालण्यात जात नाही, एका जागी टिकून राहण्यात जातो. म्हणून मी आधी दोनच गोष्टी बघेन: वाऱ्यात किंवा प्रवाहात कोणती कयाक नीट थांबते, आणि गाडीपासून पाण्यापर्यंत कोणती मला एकट्याला नेता येते.

तरीही वेगाचं एकदा उरकून टाकू. पाणी बाजूला सारत चालणारी कोणतीही होडी जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढी लाट उठवू लागली की अडते. तिथून पुढे कितीही जोर लावा, तो लाट मोठी करण्यातच जातो. ही मर्यादा पाण्याला टेकलेल्या लांबीवरून ठरते. सुमारे 12 फुटांच्या, म्हणजे 3.7 मीटरच्या कयाकसाठी ती ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येते. बरी तब्येत असलेला माणूस पायांनी 75 ते 100 वॉट ताकद बराच वेळ देऊ शकतो आणि तेवढ्यावर ताशी पाच-सहा किलोमीटरची चाल मिळते. 12 व्होल्टची, 55 पौंड रेट्याची मोटर पूर्ण जोरात 600 वॉटच्या घरात वीज खाते. ताकद सहापट, पण चाल फार तर दीडपट. मोटर वेगासाठी घेणाऱ्याचा विरस होतो तो इथेच.

आता थांबण्याचं.

पाण्याखालच्या खडकावर किंवा बुडालेल्या झाडाशेजारी मासे आहेत, वारा बाजूने येतोय आणि आमिष नेमकं तिथेच टाकत राहायचंय, अशी वेळ धरा. पेडलच्या कयाकवर तोंड वाऱ्याकडे करून हळूहळू पाय मारत जागा धरता येते. वारा मध्यम असेल तर हे सवयीचं होतं, हातात रॉड असताना पाय आपोआप चालतात. पण वारा चढला किंवा बाजूला वळला की कयाकचं तोंड फिरतं, मग सुकाणू सावरायला एक हात लागतो. ‘पेडलमुळे दोन्ही हात मोकळे’ ही जाहिरातीतली ओळ अर्धीच खरी आहे, कारण पेडलच्या बहुतेक कयाकमध्ये सुकाणूची मूठ हातानेच फिरवावी लागते. मोठा मासा गळाला लागला की दोन्ही हात रॉडवर असतात आणि सुकाणू वाऱ्यावर.

जीपीएसची मोटर इथे खरोखर वेगळी ठरते. मिन कोटा कंपनीची ‘स्पॉट-लॉक’ सोय यासाठी प्रसिद्ध आहे. बटण दाबलं की मोटर स्वतःच दिशा आणि जोर बदलत कयाकला त्या जागेच्या आसपास धरून ठेवते. ओल्ड टाऊन कंपनीच्या ‘स्पोर्ट्समन ऑटोपायलट’ कयाकमध्ये हीच मोटर मधोमध बसवलेली असते. खोल पाण्यात थेट खाली आमिष सोडून मासे पकडणाऱ्याला हा नांगरापेक्षाही चांगला पर्याय आहे. खोलीच्या कित्येक पट लांब दोर सोडावा लागत नाही, आणि जोरदार प्रवाहात चुकीच्या बाजूने नांगर बांधून कयाक उलटण्याची भीतीही राहत नाही. एक लक्षात ठेवा, ही सोय सगळ्या मोटरींत नसते. मागच्या टोकाला लावायची साधी मोटर तुम्हाला पुढे नेते, जागेवर धरत नाही. जीपीएस नसलेल्या मोटरपेक्षा चांगलं पेडल मला केव्हाही बरं वाटतं.

पेडलमध्येही दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही. होबी कंपनीने 1997 मध्ये आणलेल्या ‘मिराज ड्राइव्ह’मध्ये कयाकखाली दोन पर असतात आणि ते पेंग्विनच्या पंखांसारखे डावीउजवीकडे फडकतात. पाय पुढेमागे ढकलायचे असतात, गोल फिरवायचे नसतात. उथळ पाणी आलं की एक पाय पुढे ताणून धरायचा, पर कयाकच्या तळाला चिकटून बसतात. दुसरी जात सायकलसारखी गोल फिरणाऱ्या पेडलची, खाली पंखा असलेली. नेटिव्ह वॉटरक्राफ्टचं ‘प्रोपेल’ आणि ओल्ड टाऊनचं ‘पीडीएल’ याच प्रकारातले. पेडल उलटं फिरवलं की लगेच मागे जाता येतं, हा तिचा मोठा गुण. गळाला लागलेला मासा झाडोऱ्यात शिरायला बघतो तेव्हा कयाक दोन हात मागे खेचता येणं म्हणजे मासा हातात येणं. परवाल्या जुन्या नमुन्यांत मागे जाण्याची सोय नव्हती, पुढच्या काही नमुन्यांत ती आली. पंख्याचा दोष असा की त्याला खाली साधारण हातभर खोल पाणी लागतं, आणि खडकावर आपटला तर पंखा किंवा त्याची दांडी वाकते. मागे लावलेली मोटर आपटली की बहुतेक वेळा उचलली तरी जाते. मधोमध रोवलेलं पंख्याचं पेडल मात्र स्वतः वेळेवर वर ओढावं लागतं.

पाणवनस्पतींत दोन्हींची पंचाईत होते. दाट शेवाळात ना पेडल खरं, ना मोटर. तिथे वल्हंच कामाचं. ते कोणत्याही कयाकवर बांधून ठेवलेलं असावंच.

मोटरची सगळी गंमत बॅटरीवर उभी आहे, आणि खरेदी करताना नेमका तिचाच हिशेब मागे पडतो. 100 अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी सत्तावीस ते तीस किलोची असते, आणि तिची अर्धीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अकरा ते तेरा किलोची, आणि तिची जवळपास सगळी वीज कामी येते. तिची किंमत बरीच जास्त असते, तरी कयाकमध्ये लेड-अॅसिड ठेवणं मला पटत नाही. पैसे वाचतात आणि पाठ जाते. पूर्ण जोरात मोटर पन्नासच्या आसपास अँपिअर ओढते, म्हणजे ही लिथियमची बॅटरी दोन तासांत संपली. हळू चालवताना दहा-बारा अँपिअर लागतात, मग तीच बॅटरी आठेक तास पुरते. वेग थोडा कमी केला की वीज खूप वाचते, कारण लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाताना वाऱ्याच्या पाठीवर सुसाट जाऊन परतताना समोरचा वारा आणि रिकामी बॅटरी, हा मोटरवाल्यांचा नेहमीचा घोळ. जाताना तिसऱ्या हिश्शाहून जास्त वीज खर्च करू नये, हा साधा नियम पाळला तर तो टळतो. थंड प्रदेशात आणखी एक पथ्य आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आतून कायमची बिघडते.

पेडलची ‘बॅटरी’ म्हणजे तुमचे गुडघे. पायांचे स्नायू हातांपेक्षा कितीतरी मोठे असल्याने वल्ह्याच्या मानाने थकवा कमी येतो, थंडीत अंगात ऊबही राहते. पण गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल तर आधी चालवून बघा आणि सीटचं अंतर नीट लावून घ्या. पाय पूर्ण ताणला जात असेल किंवा फार दुमडत असेल तर तासाभरात कळ सुरू होते. परांच्या ड्राइव्हची ढकलण्याची हालचाल काही गुडघ्यांना गोल फिरण्यापेक्षा सोपी जाते, काहींना उलट. यात दुसऱ्याचा अनुभव उपयोगाचा नाही.

वजनाबद्दल विक्रेते गोड बोलतात. पत्रकात दिलेला आकडा पुष्कळदा नुसत्या सांगाड्याचा असतो; सीट, ड्राइव्ह, सुकाणू वेगळे. पेडलची तयार कयाक चाळीस ते पंचावन्न किलोपर्यंत जाते. मोटर आणि बॅटरी धरली की आणखी पंधरा-वीस किलो. एकट्याने गाडीच्या टपावर चढवायची असेल तर हे वजन निर्णायक आहे, कारण कठीण वाटणारी कयाक महिन्याभरात घरीच पडून राहते. ड्राइव्ह, सीट, बॅटरी वेगवेगळी काढून नेता येतात, पण मग फेऱ्या वाढतात आणि परतल्यावर दमलेलं असताना तेवढ्याच फेऱ्या पुन्हा. ट्रेलर असेल आणि उतार थेट पाण्यात जात असेल तर हा मुद्दा जवळजवळ सोडून द्या. किनाऱ्यावर वाळू किंवा पायऱ्या असतील तर मोटरचा विचार जपून करा. भारक्षमतेत तुमचं स्वतःचं वजन, बॅटरी, सामान सगळं धरायचं असतं. छापील आकड्याच्या साधारण दोन तृतीयांशाच्या आत राहिलात तर कयाक चालायला आणि उभं राहायला बरी राहते.

आवाजाबद्दल उगाच भांडण होतं. इलेक्ट्रिक मोटरची धीमी गुणगुण मासे बहुधा सहन करतात. त्यांना बिथरवतो तो वेग एकदम बदलणं आणि उथळ पाण्यात पंख्याने उडवलेला गाळ. त्रास कधी वेगळाच होतो. मोटर आणि फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, एकाच बॅटरीवर जोडले तर पडद्यावर रेघोट्या येतात. फिशफाइंडरला छोटी वेगळी बॅटरी द्या.

सुरक्षेच्या एका मुद्द्यावर मात्र मी पेडलच्या बाजूने आहे. पेडलवाला पाण्यात पडला की कयाक तिथेच थांबते, वाऱ्याने सरकेल तेवढीच. मोटरवाला पडला आणि मोटर चालूच राहिली तर कयाक निघून जाते आणि तुम्ही पोहत तिला गाठू शकत नाही. मोटर घेणार असाल तर मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला बांधलेली, पडताक्षणी मोटर बंद करणारी दोरी वापरा, आणि एकदा काठाजवळ मुद्दाम उडी मारून ती काम करते का बघा. पाण्यातून कयाकवर परत चढण्याचा सराव दोघांनीही करायचा, पण मोटरवाल्याने जास्त, कारण त्याची कयाक जड आणि सामान अधिक.

नियमांचंही बघावं लागतं. बऱ्याच ठिकाणी मोटर लावली की कयाक मोटरबोट समजली जाते, मग नोंदणी, क्रमांक, दिवे सगळं लागतं. काही जलाशयांत मोटरला बंदीच असते, पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांत तर बऱ्याचदा. पेडल मानवी ताकदीवरच चालत असल्याने त्याला सहसा ही अडचण येत नाही. तुम्ही नेहमी ज्या पाण्यावर जाता तिथलं आधी विचारून घ्या, नाहीतर मोटर गाडीतच राहील.

दोन्ही एकत्र हवं असणाऱ्यांसाठी मधली वाट आहे. पेडलच्या कयाकला मागे बिक्सपी किंवा टॉर्कीडोसारखी हलकी मोटर लावता येते. ओल्ड टाऊनच्या ‘ईपीडीएल’मध्ये तर पेडल मारताना मोटरची साथ मिळते. मला यातली पहिली वाट जास्त शहाणपणाची वाटते: आधी पेडलची कयाक घ्या, वर्षभर वापरा, आणि तरीही लांबची परतीची वाट सतावत असेल तर छोटी मोटर जोडा. दूरवर जाऊन मोठ्या पाण्यात खोल मासेमारी करायचीच, ट्रेलर आहे, गुडघे कुरकुरतात, अशा माणसाने सरळ जीपीएस-मोटरची कयाक घ्यावी, मध्ये अडकू नये. काठापासून तीन-चार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला, एकट्याने कयाक चढवणाऱ्याला आणि पाणवनस्पतींच्या कडेने हिंडणाऱ्याला मी पेडलच सांगेन.

जुनी कयाक घेत असाल तर तपासणी वेगवेगळी. पेडलमध्ये ड्राइव्ह हातात धरून पाती हलवा. सैलपणा जास्त असेल, गिअरच्या डब्यातून ग्रीस झिरपत असेल किंवा परवाल्या ड्राइव्हच्या तारा विरलेल्या असतील तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. सांगाड्यात ड्राइव्ह बसते त्या खाचेभोवती तडे आहेत का, तेही उजेडात बघा. मोटरमध्ये पंखा काढायला सांगा. त्यामागे तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असेल तर तो आतलं सील कापतो आणि मग मोटरमध्ये पाणी शिरतं. गोड्या पाण्यासाठी बनवलेली मोटर खाऱ्या पाण्यात वापरलेली आहे का, हेही स्क्रू आणि तारांच्या जोडांवरच्या हिरवट चट्ट्यांवरून कळतं. बॅटरी किती वर्षांची आहे हे मालकाच्या तोंडून ऐकून भागत नाही. पूर्ण चार्ज करून मोटर मधल्या जोरावर तासभर चालवा आणि किती वीज उरली ते मोजा.