टेबलटॉप एक्स-रे युनिट + एनर्जी डिटेक्टर: कॉम्प्टन परिणामाच्या प्रयोगासाठी घेणार असाल तर आधी हे वाचा

आमच्या एमएस्सी लॅबमध्ये हे युनिट येऊन दोन वर्षं झाली. मॉलिब्डेनम ट्यूब, 35 केव्ही, 1 मिलिअँप, गोनिओमीटर (ठरावीक कोनाला फिरणारी यंत्रणा) आणि जीएम ट्यूब (किरण फक्त मोजणारी, ऊर्जा न सांगणारी) असा बेसिक सेट, आणि मागच्या वर्षी ग्रँट आल्यावर सिलिकॉन डायोडवाला एनर्जी डिटेक्टर वेगळा घेतला. बाकी कॉलेजातले लोक नेहमी विचारतात, बेसिक सेटवर कॉम्प्टन (एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरले की त्यांची तरंगलांबी वाढते, तो परिणाम) होतो का? होतो, पण तांब्याच्या फॉइलने.

म्हणजे फॉइल एकदा स्कॅटररच्या (किरण विखुरणाऱ्या तुकड्याच्या) आधी लावायची, एकदा नंतर, आणि काउंट्स बघायचे. विखुरल्यावर तरंगलांबी वाढते आणि तांब्यातलं शोषण साधारण तिच्या घनाने वाढतं, त्यामुळे फॉइल नंतर लावली की काउंट्स कमी येतात. 145 अंशाला 71 पिकोमीटरचे साधारण 75.5 होतात, वाढ फक्त 6 टक्के, पण शोषण जवळपास 20 टक्क्यांनी वाढतं. पद्धत मला मनापासून आवडते. पण मुलांच्या हाती शेवटी एक गुणोत्तर लागतं, आणि एका मुलीने सरळ विचारलं, "सर, पण सरकलेली लाइन कुठंय?" तिचं बरोबर होतं, वाढलेली तरंगलांबी यात थेट दिसतच नाही.

1923 साली अमेरिकेत सेंट लुईसमध्ये खुद्द आर्थर कॉम्प्टनने ग्राफाइटवरून विखुरलेले हेच मॉलिब्डेनमचे किरण कॅल्साइटच्या स्फटिकाने तपासले होते, 90 अंशाला त्याला तरंगलांबीतली वाढ 0.022 अँगस्ट्रॉम (2.2 पिकोमीटर) मिळाली आणि त्याचा हिशोब 0.024 होता. आम्ही उत्साहाने मिठाचा स्फटिक लावून बघितला, पण आधीच विखुरलेले किरण परत स्फटिकावरून परावर्तित करायचे म्हटल्यावर उरतं काय, बॅकग्राउंडमधून काहीच वर आलं नाही.

एनर्जी डिटेक्टरने मात्र पैसे वसूल केले. प्लेक्सिग्लासचा स्कॅटरर, ट्यूबवर झिर्कोनियम फिल्टर लावून के-बीटा (मॉलिब्डेनमची जास्त ऊर्जेची दुसरी लाइन) काढून टाकायचा, आणि मुख्य लाइनचं 17.4 केईव्हीचं (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) पीक 90 अंशाला 16.9 वर आणि 150 ला 16.4 वर सरकलेलं स्क्रीनवर दिसतं. त्या दिवशी पोरं लंच ब्रेकला उठलीच नाहीत. अर्थात डिटेक्टरचं रिझोल्यूशन (दोन ऊर्जा वेगळ्या दाखवायची क्षमता) 0.4 केईव्हीच्या आसपास आहे, 60 अंशाला फरकच 0.3 चा, त्यामुळे दोन वेगळी पीक्स दिसतील असं मुलांना सांगू नका, पीकचा मध्य सरकतो तेवढा मोजायचा.

कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे स्क्रीनवरची जागा ऊर्जेशी जुळवण्यात, आमचा महिना गेला. मॅन्युअलप्रमाणे गॅल्व्हनाइज्ड पत्रा लावला, त्यातल्या लोखंडाची लाइन 6.40 आणि जस्ताची 8.64 केईव्हीला, आणि त्यावरून थेट 17 पर्यंत रेषा ओढली तर थोडीशी चूकही वर जाऊन केवढी मोठी होते! आता वरच्या टोकाला मॉलिब्डेनमच्या फॉइलची लाइन घेतो, तेव्हापासून आकडे जागेवर आहेत. शिवाय एका कोनाला पाच-दहा मिनिटं थांबावंच लागतं, एका प्रॅक्टिकलमध्ये चार-पाच कोनांच्या वर जाऊ नका.

दाराचं इंटरलॉक एकदम चोख, उघडलं की हाय व्होल्टेज बंद, त्यामुळे मुलांच्या हातात द्यायला भीती वाटत नाही. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी मात्र ऑर्डरच्या आधीच ई-लोरा या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर मार्गी लावा. नाराजी सर्व्हिसवर आहे, गोनिओमीटरचा शून्य हलला तेव्हा इंजिनिअर यायला तीन महिने लागले, शेवटी आम्हीच डायरेक्ट बीमवर सेट करायला शिकलो, आणि आता दर बॅचच्या आधी ते करतोच.

बजेट कमी असेल तर स्फटिकं नंतर घ्या, डिटेक्टर आधी. फॉइल सेटमध्ये येतेच, ती पहिल्या दिवशी वापरा आणि दुसऱ्या दिवशी डिटेक्टर लावा.