पास्काची मेणबत्ती : मेणाची घ्यावी की तेलाची?

पास्काची, म्हणजे ईस्टरला चर्चमध्ये पेटवायची मोठी मेणबत्ती चर्चच्या सामानाच्या दुकानांत साधारण तीन प्रकारांत मिळते. एकीत निम्म्याहून जास्त मधमाशीचं मेण असतं (५१ टक्के असं लिहिलेलं असतं), दुसरी निव्वळ पॅराफिनची आणि तिसरी म्हणजे आत तेलाचा डबा बसवलेली प्लास्टिकची नळी. तिसरी सर्वांत सोयीची, पण घ्यावी पहिलीच.

पास्काच्या उपासनेविषयी रोमहून १९८८ साली आलेल्या पत्रकात अटी स्पष्ट आहेत: मेणबत्ती खऱ्या मेणाची हवी, कृत्रिम नको, दरवर्षी नवी, एकच आणि चांगली मोठी. नळी वर्षानुवर्षं तीच राहते, फक्त सालाचं स्टिकर बदलतं. पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, गायल्या जाणाऱ्या स्तोत्रात मधमाश्यांच्या कष्टाचा उल्लेख येतो, तो अशा नळीसमोर पोकळ वाटतो. शिवाय मिरवणुकीत ती कलली की तेल झिरपतं.

खरा फरक कळतो तो मेणबत्तीवरच्या क्रुसात धुपाचे पाच खडे लावताना. आधी वर, मग मध्ये, मग खाली, नंतर डावीकडे आणि शेवटी उजवीकडे, असा क्रम. हे प्रभूचे पाच घाव. पुनरुत्थानानंतरही ते देहावर राहिले, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तेच दाखवले. म्हणजे उठला तो क्रुसावर मेलेलाच देह, एखादी छाया नव्हे. हे खडे मेणात रुतायला हवेत. थंड मेणात तसेच दाबले तर कपचा उडतो, म्हणून तापवलेल्या खिळ्याने आदल्या दिवशीच भोकं पाडून ठेवावीत. नळीवर ते नुसते चिकटवावे लागतात.

माप ३ इंच जाड, ३६ इंच उंच पुरे. वजन सुमारे ४ किलो भरतं. आधी स्टँडची वाटी मोजून घ्या. क्रूस आणि सालाचे आकडे वरच्या टोकापासून निदान फूटभर खाली असावेत, नाहीतर वर्ष संपायच्या आत साल जळून जातं. पहिल्यांदा पेटवल्यावर वितळलेलं मेण कडेपर्यंत पोहोचू द्यावं, ३ इंचाला ३ तास धरा. अर्ध्या तासात विझवत राहिलात तर मधोमध खड्डा पडतो आणि वात बुडते. वात पाव इंचापेक्षा लांब ठेवू नये, काजळी धरते. पंख्याखाली एक बाजू ढासळते. वर पितळी टोपी बसवली की बरंच आटोक्यात येतं.

ती कुठवर पेटवायची, यात अजून गोंधळ होतो. पूर्वी स्वर्गारोहणाच्या (येशू स्वर्गात गेल्याच्या) सणाला शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचून झालं की ती विझवत: चाळीस दिवस दिसलेला प्रभू दृष्टीआड झाला, हा त्याचा अर्थ. १९६९ च्या सुधारणेने ईस्टरपासूनचे पन्नास दिवस हा एकच सण धरला, तेव्हापासून ती पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे या पन्नास दिवसांच्या शेवटच्या सणापर्यंत, वेदीजवळ जळते. हे जास्त पटतं. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात चाळीस दिवस आहेत खरे, पण लूकच्या शुभवर्तमानात पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण एकाच दिवशी घडल्यासारखं वाचायला मिळतं. आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी तर प्रभू युगाच्या अंतापर्यंत सोबत राहण्याचं वचन देतो. स्वर्गात जाणं म्हणजे आपल्याला सोडून जाणं नव्हे. मग त्या दिवशी ज्योत का विझवायची?

पेन्टेकॉस्टनंतर ती बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ ठेवतात. बाप्तिस्म्याला मुलाची मेणबत्ती हिच्यावरूनच पेटते आणि अंत्यविधीला ही शवपेटीजवळ जळते. म्हणून विकत घेतानाच वर्षभराचा हिशोब करावा.

वसईसारख्या ठिकाणी एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली मेणबत्ती हमखास वाकते. सपाट फळीवर, सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा. वर पांढुरकी साय आली तर घाबरू नका, मधमाशीच्या मेणावर ती येतेच. मऊ कापडाने पुसली की जाते.