जळगावातली रविवारची करंट अफेअर्स बॅच: ४ स्टार, एक पंख्यामुळे कापला

एमपीएससीवाल्या मित्रानं बळंच ओढून नेलं म्हणून गेलो, चार रविवार, सहाशे रुपये, विषय काय तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बदलला की तिथलं परराष्ट्र धोरण कसं बदलतं. वाटलं मस्त झोप येईल. नाही आली, आणि त्यात पंख्याचाही हात आहे, काय आवाज भो त्याचा, मागच्या बाकावर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पुढेच बसा.

सर मात्र भारी. पहिल्या दिवशी फळ्यावर नुसता पॅरिस करार लिहिला, म्हणजे हवामान बदलाचा जागतिक करार. २०१६ ला ओबामा आत, २०१७ ला ट्रम्पची बाहेर पडायची घोषणा, फेब्रुवारी २०२१ ला बायडननी परत आत नेलं, जानेवारी २०२५ ला ट्रम्पची परत बाहेरची सही. मागून कोणीतरी बोललं, सर ही तर यष्टी झाली, चढा उतरा. मग खरी मेख सांगितली: रीतसर ट्रीटीला म्हणजे तहाला सिनेटची, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहाची, दोन तृतीयांश मतं लागतात, ती जमत नाहीत म्हणून राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात करार करून टाकतो, मग पुढचा येतो आणि एका सहीत मोडतो. इराणचा २०१५ चा अणुकरार २०१८ ला असाच गेला. पण सगळंच उलटत नाही हेपण सांगितलं, तालिबानशी करार ट्रम्पच्या काळात २०२० ला झाला आणि अफगाणिस्तानातून सैन्य बाहेर काढलं बायडननी, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी विषय थेट आमच्या घरात घुसला. रशियाचं तेल घेता म्हणून ऑगस्ट २०२५ ला ट्रम्पनी आपल्या मालावर आधीच्या २५ टक्के टॅरिफवर, म्हणजे आयात करावर, अजून २५ लावला, कापड एक्सपोर्टवाले अडचणीत, म्हणून आपल्या सरकारनी कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी माफ केली, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी आमची वेचणी चालू तेव्हा. लांब धाग्याच्या कापसाला तेव्हा हमीभाव क्विंटलला ८११० आणि दारात आलेला व्यापारी बराच खाली बोलत होता त्याचा एक धागा इथून निघतो होय! घरी येऊन आप्पांना सांगितलं, ते खोलीत कापूस पायानं दाबत होते, वर न बघताच म्हणे, "मत तेस्नं, न भाव आमना पडस."

बाकी झेरॉक्स नोट्स इतक्या फिक्या की तारखा मी पेनानं गिरवल्या, आणि शेवटचा रविवार अर्ध्या तासात गुंडाळला, सरांना लग्नाला जायचं होतं. चीन राहूनच गेला. त्याच्यासाठी वेगळा रविवार फुकट घेतो म्हणालेत, घेतला तर इथं सांगतो.