तळहातांच्या घामावर आयन्टोफोरेसिस मशीन : काही महिने वापरल्यानंतर

पाण्यातून हातांना सौम्य करंट देऊन घाम कमी करणारं हे मशीन उपयोगी पडलं. ज्यांचे तळहात एसीतही ओले होतात त्यांनी याचा विचार जरूर करावा. पण हे कायमचं लागू होणारं औषध नाही, चालू ठेवावं लागणारं काम आहे.

"मुंबई आहे, घाम येणारच," असं सगळेच म्हणतात. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग चिकचिकतं, ते खरंच. पण माझे हात जानेवारीतही पंख्याखाली बसून गळायचे. सही करताना कागद फुगायचा, ऑफिसात थंब लागायचा नाही, लोकलमध्ये वरची कडी हातातून सुटायची. शाळेपासून हे असंच होतं.

स्किनच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, झोपेत घाम येतो का? नाही. दोन्ही हातांना सारखाच? हो. घरात आणखी कुणाला? बाबांना. मग म्हणाल्या, हा प्रायमरी हायपरहायड्रोसिस, म्हणजे दुसरा कुठला आजार नसताना मुळातच जास्त घाम येणं. घामाच्या ग्रंथी चांगल्याच असतात, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा जास्त काम करतात. म्हणून "टेन्शन घेऊ नकोस" एवढं सांगून भागत नाही. ताणाने घाम वाढतो, पण मुळात तो ताणामुळेच येतो असं नाही. तरी थायरॉइड आणि साखर तपासून घेतली. मोठेपणी अचानक सुरू झालेला, रात्री कपडे भिजवणारा किंवा ताप आणि वजन घटण्यासोबत येणारा घाम असेल, तर मशीनचा विचार बाजूला ठेवून आधी तपासण्या करा.

सुरुवात २० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या लोशनने झाली. रात्री पूर्ण कोरड्या हातांवर लावायचं, सकाळी धुवायचं. ओल्या त्वचेवर चुरचुरतं. काखेत फरक पडला, तळहातांवर फारसा नाही.

मग मशीन. दोन ट्रे, त्यात साधं नळाचं पाणी, प्रत्येक ट्रेमध्ये एक हात, आणि पाण्यातून जाणारा सौम्य करंट. माझ्या डॉक्टरांनी १५ ते २० मिलिअँपिअर आणि २० मिनिटं सांगितलं. मुंग्या येतात, नखांभोवती टोचतं. चीर असेल तिथे व्हॅसलिन लावलं की जळजळ कमी होते. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. करंट चालू असताना हात उचलायचा नाही, झटका बसतो. पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि फिट येणाऱ्यांनी हे वापरू नये. शरीरात धातूची पट्टी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सुरुवातीला एक दिवसाआड बसायचे. लगेच काहीच झालं नाही, आणि इथेच पुष्कळ जण सोडून देत असावेत. दुसरा-तिसरा आठवडा संपेपर्यंत हात कोरडे वाटायला लागले. हाताखाली रुमाल न ठेवता मी अख्खा फॉर्म भरला, आणि ते पान मी नंतर किती वेळ बघत बसले होते! आता आठवड्यातून एकदा पुरतं. गणपतीत गावी गेले तेव्हा खंड पडला आणि घाम हळूहळू परतला. परत नेमाने बसल्यावर गेला. त्वचा कोरडी पडते, म्हणून रात्री क्रीम लावते. तळपायांनाही याच ट्रेमध्ये चालतं. काखेसाठी वेगळे पॅड मिळतात, पण ते सांभाळणं अवघड.

दुसरे पर्यायही डॉक्टरांनी सांगितले. बोटॉक्सचा परिणाम काही महिने टिकतो, पण तळहातांवरची इंजेक्शनं दुखतात आणि पकड तात्पुरती सैल होऊ शकते. ग्लायकोपायरोलेटच्या गोळीने तोंड कोरडं पडतं. दुर्बिणीतून छातीतल्या नसेचं ऑपरेशन करतात, त्याने हात कोरडे होतात, पण पाठ, पोट, मांड्यांना घाम वाढण्याची शक्यता मोठी असते आणि केलेलं मागे घेता येत नाही. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी.

मशीन लगेच विकत घेऊ नका. आधी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काही सिटिंग घ्या, फरक दिसला तरच घरी आणा.