कॅम्पर व्हॅनचे नऊ महिने: ठाणे, ताम्हिणी आणि कोलाडचं पाणी

डिसेंबरमध्ये गाडी ताब्यात आली, आता ऑगस्ट संपत आलाय. एवढ्या दिवसांत ७,४०० किलोमीटर झाले. माळशेज, भंडारदरा, आंबोली, महाबळेश्वर आणि राफ्टिंगसाठी दोनदा कोलाड. घेण्याआधी महिनाभर मी रोज रात्री कॅम्परचे व्हिडिओ बघत बसायचो, पण पावसात घाट उतरणारी गाडी एकाही व्हिडिओत दिसली नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, सात लाखांना. आतल्या कामाचे साडेपाच लाख. मागे आडवा पलंग, ओटा, छोटा फ्रिज, ७५ लिटरची पाण्याची टाकी, छतावर दोनशे वॉटची दोन सोलर पॅनेल, एक पंखा आणि पोर्टेबल टॉयलेट. माणसं चार: मी, बायको, बारावीतला मुलगा आणि गुडघ्यांनी त्रासलेली आई.

पहिला धक्का घराच्या दारातच बसला. पंखा आणि पॅनेल धरून गाडीची उंची जवळपास तीन मीटर होते आणि आमच्या पोडियम पार्किंगचा आडवा बार त्याच्या कितीतरी खाली. कमिटीने आवारात ठेवायलाही नकार दिला. ('ही गाडी आहे की खोली, आधी ते ठरवा.') शेवटी कोलशेतला एका मोकळ्या प्लॉटवर महिना अडीच हजार भरून ती उभी करतो. हा खर्च आमच्या हिशोबात कुठेच नव्हता. ठाण्यात राहत असाल तर गाडीच्या आधी जागा शोधा.

कागदांचंही असंच. काम करणारा गॅरेजवाला म्हणाला, "काही होत नाही साहेब, सगळे असंच करतात." पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदवलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमावाले पहिलं बोट तिथेच ठेवणार. आम्ही नोंद करून घेतली. तीन महिने हेलपाटे घातले, पण रात्री झोप लागते. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं; रस्त्यात थांबवणाऱ्या हवालदाराला मात्र आजही पलंगापासून सगळं समजावून सांगावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, वजन. मार्चमध्ये कोथरूडला मावशीकडे मुक्काम केला आणि तिथून पौड, मुळशी, ताम्हिणी करत कोलाडला निघालो. निघताना टाकी काठोकाठ भरली, म्हणजे ७५ किलो. पलंगाखाली दोन ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या, प्रत्येकी साठ किलोच्या आसपास. वर मावशीने दिलेलं दहा किलो तांदूळ. धरणाच्या कडेने रस्ता मजेत सरला, पण उतार लागल्यावर तिसऱ्या वळणापासून ब्रेक मारत उतरलो आणि विळ्याच्या अलीकडे करपल्यासारखा वास यायला लागला. आई म्हणाली, "कुणीतरी काहीतरी जाळतंय रे." ते आम्हीच होतो. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ दिली. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वडिलांनी जीप शिकवताना शंभरदा सांगितलं होतं.

ठाण्याला परतल्यावर दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि २०० अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. तिचं वजन पंचवीस किलोच्या आत. कागदावर जुन्या दोन्ही मिळून जास्त वीज साठवत, पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी १.८ युनिट. लिथियममधून दोनाच्या वर निघते. महाग पडली, पण या गाडीवर केलेल्या खर्चात हा सगळ्यात शहाणा. टाकी आता निघताना पाव भरतो, उरलेलं पाणी मुक्कामाच्या गावात. इंडक्शन शेगडी काढून टाकली, कारण भात होईपर्यंत बॅटरी उपाशी. पाच किलोचा छोटा सिलिंडर वापरतो आणि गॅस पेटवला की सरकतं दार उघडं, मग बाहेर कितीही पाऊस असो.

कोलाडला मुक्काम सुतारवाडीजवळ एका खाणावळीच्या अंगणात. मालक काकांनी गाडीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "हितं निजता? मग आमची ओसरी काय वाईट होती?" दोनशे रुपये, शौचालय वापरायला मोकळं आणि सकाळी तांदळाची भाकरी.

राफ्टिंग होतं त्या कुंडलिका नदीचं पाणी तिथल्या पावसावर चालत नाही, हे आम्हालाही तिथेच कळलं. मुळशी धरणाचं पाणी एरवी मुळा-मुठेतून भीमेकडे, म्हणजे पूर्वेला गेलं असतं. टाटांनी ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणलं आणि १९२७ पासून तिथे वीज होते. वीज झाली की तेच पाणी कुंडलिकेत उतरतं आणि त्याच्यावर राफ्ट चालते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला, त्याच्या पाण्यात आपण हेल्मेट घालून ओरडत असतो, हे जरा विचित्रच वाटतं. व्यवहारातला मुद्दा असा की पाणी सकाळी सुटतं आणि त्याच वेळेत खाली जायचं. ठाण्याहून त्या दिवशी निघायचं तर पहाटे चारला घर सोडा. आदल्या रात्री गाडी तिथेच उभी असेल तर साडेसातला चहा पिऊन निघता येतं. कॅम्परचा खरा फायदा मला इथे दिसला.

राफ्टवाले त्यांच्या जीपने वर रवाळजेच्या बाजूला नेतात. लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळतात की जेवलेलं आठवतं. 'फॉरवर्ड', 'बॅक', 'गेट डाऊन' एवढंच शिकवतात आणि पहिल्या रॅपिडला (खळाळत्या उताराला) त्यातलं 'गेट डाऊन' तेवढं डोक्यात राहतं. मार्चमध्ये पाणी स्वच्छ आणि गारठवणारं होतं, जुलैत चहासारखं गढूळ आणि बरंच जोरात. बायको जुलैत एकदा बाहेर पडली, गाइडने जॅकेटला धरून ओढून घेतली, आणि त्यानंतर ती माझ्यापेक्षा जोरात वल्हवत होती. रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे नवख्यांना झेपणारे. आई मात्र खाली गाडीत, दार उघडं ठेवून, पोथी घेऊन. हॉटेलच्या खोलीत तिला एकटीला ठेवून आम्ही गेलो नसतो. गाडीत ती तिच्याच घरात बसलेली होती.

जुलैची खरी पंचाईत राफ्टिंगनंतर सुरू झाली. तीन ओली माणसं, सहा ओले कपडे, बाहेर धो धो. मुलाने बूट पलंगाखाली सारले. रात्री खिडक्या बंद, चौघांचा श्वास, सकाळी छताच्या पत्र्याला आतून थेंब लटकलेले. तिसऱ्या आठवड्यात ओट्याखालच्या प्लायला हिरवी बुरशी आणि पोपडे. कोटेशनमध्ये मरीन, म्हणजे ओलीत टिकणारा, प्लाय लिहिला होता, निघाला साधा कमर्शियल. पंख्याभोवतीचं सिलिकॉन ऊन आणि हादऱ्यांनी सुटून तिथून पाणी झिरपत होतं; ते खरवडून ब्युटिलची रबरी चिकटपट्टी लावल्यापासून थेंबही आत आलेला नाही. सोलर जुलैत नावापुरतं. हिवाळ्यात दीड-दोन युनिट देणारी पॅनेल तेव्हा फ्रिजपुरतीही पुरत नव्हती, म्हणून गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून) बॅटरी चार्ज होणारी जोडणी करून घेतली. ओल्या कपड्यांसाठी मागच्या दाराला ताडपत्री आणि खाली एक मोठं घमेलं. साडेपाच लाखांच्या कामात सगळ्यात उपयोगी वस्तू घमेलं निघावी!

टॉयलेटवरून खरेदीच्या वेळी आमचं भांडण झालं होतं. मी हरलो आणि बरं झालं. मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळच्या रांगेत दीड तास अडकल्यावर आईने एकच वाक्य म्हटलं, "ही गाडी विकू नकोस." टाकी रिकामी करायचं काम माझ्याकडे आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

डिझेल घाटात लिटरला नऊ, सपाटीला अकराच्या आसपास. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, तिकडे जाणार असाल तर आधी चौकशी करा. दिवाळीआधी ओट्याखालचा प्लाय बदलायचाय. यंदा मिस्त्री दुसरा आहे. मरीनच आणतो म्हणालाय, पण प्लायवरचा ७१० चा शिक्का (मरीन प्लायचा आयएस मानक क्रमांक) स्वतः बघितल्याशिवाय करवत लावू देणार नाही.