पाणी तपासलं, कागद तपासला नाही

आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर लपवावंसं वाटणार नाही. घराच्या व्यवहारात फसून माझे 60 कोटी 45 लाख रुपिया गेले. शून्यांना घाबरू नका, हे इंडोनेशियाचे रुपिया आहेत. तेव्हाच्या 185 च्या भावाने आपले 32 लाख 67 हजार रुपये. बायकोला खरा आकडा चार महिन्यांनी सांगितला. गावी आईला अजून सांगितलेला नाही.

मी 2016 पासून जकार्तात आहे. नोकरी पुलोगादुंगच्या औद्योगिक वसाहतीत, राहायला जवळच केलापा गाडिंग, उत्तर जकार्तात. केलापा गाडिंग ही नारळाची एक पिवळसर जात. इथल्या गल्ल्यांनाही नारळाच्याच जातींची नावं आहेत: कोप्योर, हिब्रिडा, पुआन. रत्नागिरीकडच्या माणसाला पत्ता सांगतानाच आपल्या वाडीत आल्यासारखं वाटतं, आणि मी सैल पडलो तो बहुधा तिथेच. पूर्वी इथे भातखाचरं आणि दलदल होती, 1970 च्या दशकापासून वस्ती झाली. आता मॉल, रुको म्हणजे खाली दुकान वर घर, कोरियन हॉटेलं, 2019 पासून एलआरटी म्हणजे छोटी मेट्रोसुद्धा. राहायला उत्तम जागा, हे आजही म्हणेन. फक्त जमीन सखल आहे. 1 जानेवारी 2020 च्या पुरात आमच्या गल्लीत मांडीपर्यंत पाणी होतं आणि मी फ्रिज टेबलावर चढवून नवीन वर्ष साजरं केलं होतं.

हा पूर पुढे कामाला येतो. माझ्या नाही, त्याच्या.

तो म्हणजे आपलाच एक मराठी माणूस. नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय. पंधरा वर्षं इथे, बायको जावाची, गणपतीत आरतीचं तबक धरायला सगळ्यात पुढे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. भाषा अशी फाडफाड की रस्त्यावरचा भाजीवाला त्याला ‘पाक’, म्हणजे साहेब, म्हणून सलाम करी. नवीन आलेल्यांना घर भाड्याने मिळवून द्यायचा. इथे वर्षाचं भाडं एकदम आगाऊ द्यावं लागतं, त्यामुळे असा माणूस सगळ्यांनाच लागतो. मलाही त्यानेच घर मिळवून दिलं होतं, आणि त्यात एक पैशाची खोट नव्हती. म्हणून म्हणतो, मी काही रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवला नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये त्याने कोस दाखवलं. कोस म्हणजे आपल्या पेइंग गेस्टसारखा प्रकार, एका घरात दहा खोल्या, महिन्याचं भाडं. प्रत्येक खोलीचे 18 लाख रुपिया, दहाही खोल्या भरलेल्या. मालकाचं बँकेचं कर्ज आहे, त्याला सुटायचंय, आपण ‘ओपर क्रेडिट’ करू: 40 कोटी त्याच्या हातात, उरलेले हप्ते भाड्यातून फिटतील, हप्ता जाऊन महिन्याला 1 कोटी 10 लाख तुला. आणि परदेशी माणसाला इथे मालकी हक्काने जमीन घेता येत नाही, म्हणून कागद वहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या नावावर. त्याला इथे ‘पिंजाम नामा’ म्हणतात, उसनं नाव. सगळेच करतात, म्हणाला. सगळे करतात हे खरंही आहे, बालीत तर सर्रास.

मी विचारलं, इतकं स्वस्त कसं? हो, विचारलं होतं! मी इतकाही बावळट नाही.

तो म्हणाला, पाणी भरतं रे.

झालं. मी पुढचे तीन शनिवार पाणी तपासत बसलो. भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा नवीन रंगाखाली शोधला, रस्त्यापेक्षा जोतं किती उंच ते टेपने मोजलं, गटार कुठे मिळतं ते चालत जाऊन पाहिलं, पंप चालू करून घेतला. आरटीच्या म्हाताऱ्याला, म्हणजे गल्लीच्या मुखियाला, 2007 आणि 2020 ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारलं. घर कोणाचं ते विचारलं नाही. फसवणारा खोटं लपवत नसतो, तो तुमच्या हातात एक खरी काळजी देतो आणि तुम्ही ती कुरवाळत बसता.

आता तो क्षण. रात्री दोन वाजता जाग आली की मी अजून तिथेच उभा असतो.

दादाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. मालकीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, कारण मूळ प्रत बँकेत. आणि घरपट्टीची पावती, जिला इथे पीबीबी म्हणतात. झेरॉक्सवर एक नाव, पावतीवर दुसरंच. मी बोट ठेवलं. दादा हसला, ‘अरे, पट्टीवर जुन्या मालकाचं नाव राहतं, कोण बदलत बसतंय.’ आणि मी मान हलवली. का? कारण आमच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे, खाली वारलेल्या तीन काकांची. मला वाटलं, जगभर असंच असतं. पणजोबांनी मला जकार्तात बुडवलं म्हणा हवं तर.

त्याच दिवशी बाहेर पडताना सतपाम, म्हणजे वॉचमन, बोलून गेला, ‘मिस्टर, या महिन्यात घर बघायला आलेले तुम्ही चौथे.’ मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, ‘बघ, मागणी किती आहे.’ मी त्याच संध्याकाळी टोकन भरलं. 2 कोटी 50 लाख.

मार्चमध्ये 37 कोटी 50 लाख. एप्रिलमध्ये नोटरीचा खर्च आणि कर म्हणून 4 कोटी 65 लाख. मग बँकेचे थकलेले हप्ते एकदम भरले नाहीत तर लिलाव होईल अशी हाकाटी, त्याचे 18 कोटी. एकूण 62 कोटी 65 लाख. मे आणि जून महिन्यांत मला 1 कोटी 10 लाख ‘भाडं’ मिळालं, दोन वेळा. म्हणजे माझेच 2 कोटी 20 लाख मला परत आले, आणि पहिल्यांदा आले तेव्हा मी पेढे वाटले. दादालाही एक बॉक्स दिला.

जुलैत पैसे आले नाहीत. दादाचा फोन बंद. कोसवर गेलो तर दारात सुराबायाहून आलेल्या खऱ्या मालकाचा पुतण्या, एक कोरियन गृहस्थ आणि मेदानचा एक व्यापारी, तिघे तीन भाषांत ओरडत होते. दादाने ते अख्खं घर फक्त एका वर्षाच्या करारावर भाड्याने घेतलं होतं. खोल्या भरल्या त्याने, भाडं गोळा केलं त्याने, किल्ल्या त्याच्याकडे, वॉचमनचा पगार त्याचा. बँकेचं कर्ज नव्हतंच. मूळ सर्टिफिकेट सुराबायात कपाटात.

आणि नोटरी? नोटरी खरा होता, शिक्काही खरा. पण त्या शिक्क्याचा अर्थ ‘वारमर्किंग’, डच काळापासूनचा प्रकार: आपसात केलेला कागद आमच्या वहीत अमुक तारखेला नोंदवला, इतकंच. आत काय लिहिलंय त्याची जबाबदारी त्याची नाही. जमिनीची खरी विक्री फक्त पीपीएटी म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे होते, त्या कागदाला आक्ता जुआल बेली म्हणतात. तो नसेल तर तुमच्याकडे रद्दी आहे. पीपीएटीमार्फत भूमी कार्यालयात सर्टिफिकेट पडताळून घ्यायची सरकारी फी 50 हजार रुपिया. आपले 270 रुपये. मी टेप विकत घेतली ती याहून महाग होती.

तक्रारीची गोष्ट वेगळीच. पहिल्या ठाण्यात सांगितलं, रक्कम मोठी आहे, वरच्या ठाण्यात जा. वरच्या ठाण्यात सांगितलं, हे ‘पर्दाता’ आहे, दिवाणी, कोर्टात जा. मी म्हटलं, एकच घर तिघांना विकलं, फौजदारी कलम 378 दुसरं कशासाठी आहे? साहेब म्हणाले, विकलेलं नाहीच ना, तुम्हीच म्हणताय कागद खोटा आहे. दुसऱ्या खेपेला दुभाष्या आणा म्हणाले. मी आठ वर्षं नीट बहासा बोलतोय! तिसऱ्या खेपेला तक्रार घेतली, त्यात रकमेचं एक शून्य कमी टाइप केलं, आणि ते दुरुस्त करायला चौथी खेप. तपासाच्या प्रगतीचं पत्र आजवर एकदा आलं. एक पान. प्रगती अशी की तपास सुरू आहे. भूमी कार्यालयाच्या खिडकीवर विचारलं तर उत्तर, माहिती मालकालाच मिळते. दादाचं खातं होतं त्या बँकेत गेलो, तिथे ग्राहकाची गोपनीयता. चोराची गोपनीयता सांभाळायला सगळे हजर.

पण खरी चपराक वकिलाने मारली. दोन तासांचे 30 लाख रुपिया घेऊन म्हणाला, फार रेटू नका. 1960 च्या जमीन कायद्याचं कलम 26 सांगतं की परदेशी माणसाला मालकी हक्क आडून दिला तरी व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे कागद खोटा होता म्हणून मी फसलो, आणि खरा असता तरी कायद्यापुढे माझ्या हातात शून्यच होतं. हे मला एका इंडोनेशियन सहकाऱ्याने आधीच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, तुला आमच्या लोकांची कल्पना नाही.

ज्यांना इथे खरंच घर घ्यायचंय त्यांनी हाक पाकाई मागा, वापराचा हक्क. 30 वर्षं, मग 20, मग 30. जकार्तात त्यासाठी घराची किमान किंमत 5 अब्ज रुपिया, म्हणजे आपले दोन कोटी सत्तर लाख. ऐपत नसेल तर भाड्याने राहा, मीही राहतोय. घरपट्टीवरचं नाव जुळलं नाही तर तिथेच उठा. सोबत पणजोबांना नेऊ नका. आणि गणपतीत कोण पुढे उभं राहतं त्यावरून काहीही ठरवू नका.

दादाचा नंबर आता पुन्हा चालू झालाय. मी केला की वाजतो, उचलत नाही.

कोरियन गृहस्थ, मेदानवाला आणि मी, आम्ही तिघांनी एकत्र अर्ज केलाय. पण वॉचमन चार म्हणाला होता. चौथा जर भारतीय असेल, मराठी वाचत असेल, आणि लाजेने गप्प असेल तर लाज मलाही वाटतेच आहे. फेब्रुवारी 2023, केलापा गाडिंग, दहा खोल्या, हिरवं गेट. तुमची पावती आम्हाला हवी आहे.