टर्बो लावायचाय? रबाळ्याच्या या गॅरेजला आधी गाडी दाखवा

माझ्याकडे १९९१ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर, तिला टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा पंप) लावायचं कधीपासून डोक्यात होतं. रबाळे एमआयडीसीतल्या एका गॅरेजात नुसतं विचारायला गेलो तर तिथल्या काकांनी किटचा विषयच काढला नाही, म्हणाले आधी प्लग काढू. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन चेक केलं, दरवेळी गेजचा काटा मला दाखवला आणि आकडे खडूने जमिनीवर लिहिले, मग लीकडाऊन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा कुठून आणि किती गळते ते बघणं. एवढं मन लावून बघणारा माणूस मिळत नाही हो!

मग नीट समजावलं. या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.४:१, त्यात टर्बोने अजून हवा कोंबली की प्रेशर आणि हीट वाढते, मिश्रण आपोआप पेटून नॉकिंग होतं आणि पिस्टनची वाट लागते, म्हणून स्टॉक (कंपनीच्या मूळ) पिस्टनवर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमीच ठेवायचा आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच. जुना फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) काढून प्रोग्राम होणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मोठे इंजेक्टर, चांगला रेडिएटर (मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडला अडकलात की कळेल का ते), दमदार क्लच, आणि टर्बो सगळ्यात शेवटी. हा क्रम मला फार पटला.

आरटीओचंही स्वतःहून सांगितलं, गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आधी तिकडे विचारा मगच पार्ट मागवा.

काम सावकाश चालतं, घाई असेल तर जाऊ नका. बाकी डोळे झाकून जा.